तरंगता अडसर : साखळदंडापासून धरणाच्या दारापर्यंत

खानदेशातील जुन्या वाड्यांच्या दारामागे आडवा सरकवला जाणारा लाकडी अडसर अजूनही कुठे कुठे पाहायला मिळतो. पाण्यावरचा अडसरही मुळात लाकडाचाच होता. इंग्रजीत त्याला ‘बूम’ म्हणतात आणि डच भाषेत या शब्दाचा अर्थ झाड असा होतो. कॉन्स्टँटिनोपलच्या गोल्डन हॉर्न खाडीच्या मुखाशी ओंडक्यांवर तरंगणारा लोखंडी साखळदंड असे. १४५३ मध्ये तो तोडता न आल्याने सुलतान दुसऱ्या मेहमदाने आपली जहाजे जमिनीवरून ओढत नेऊन खाडीत उतरवली. एकोणिसाव्या शतकात पेनसिल्व्हेनियातील सस्क्वेहाना नदीवर वाहत येणारे लाकूड अडवण्यासाठी असेच अडसर बांधले गेले, तर महायुद्धांत पाणबुड्या रोखणाऱ्या जाळ्या तरंगत्या पिंपांना टांगल्या गेल्या. ऑक्टोबर २००० मध्ये एडन बंदरात स्फोटके भरलेल्या लहान बोटीने ‘कोल’ या अमेरिकी युद्धनौकेवर हल्ला केला आणि १७ नौसैनिक ठार झाले. त्यानंतर बंदरांतील तरंगत्या कुंपणांकडे नव्याने लक्ष गेले.

आपल्याकडे मात्र हा विषय शत्रूचा नाही, धरणाच्या दारांचा आहे. तापी आणि पूर्णा यांचे पाणी अडवणाऱ्या हतनूर धरणाला ४१ वक्राकार दरवाजे आहेत. असा दरवाजा वर उचलला की पाणी त्याच्या खालून निसटते. त्यामुळे वरचा पृष्ठभाग संथ दिसत असतानाच खाली जबर ओढ निर्माण झालेली असते आणि इंजिन बंद पडलेल्या नावेतील माणसाला ती जाणवते तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. दरवाजांच्या बऱ्याच आधी, ठळक पिवळ्या किंवा नारिंगी रंगाची तरंगती रांग हवी ती यासाठीच. ती प्रवाहाला काटकोनात न लावता तिरकी लावणे चांगले, म्हणजे वाहत आलेली नाव किंवा माणूस तिच्या कडेकडेने काठाकडे ढकलला जातो.

सुके भोपळे बांधून केलेल्या सांगडीच्या आधाराने नदी ओलांडण्याची रीत महाराष्ट्रात जुनी आहे. तत्त्व तेच, पण भोपळ्याला तडा गेला की पाणी आत शिरते. आजचे पॉलिथिलीनचे तरंगे आतून फोमने भरलेले असल्याने फुटले तरी बुडत नाहीत.

तरंगत्या अडसराकडून भलती अपेक्षाही नको. जानेवारी २०१९ मध्ये धडगाव तालुक्यातील भुषा येथे नर्मदेच्या पाण्यात प्रवाशांनी भरलेली बोट उलटून माणसे दगावली. अशा ठिकाणी बोटीची क्षमता पाळणे आणि प्रत्येकाच्या अंगावर जीवरक्षक जाकीट असणे हाच उपाय आहे.

दरवाजांपुढच्या अडसराला खरा ताण देतो तो पावसाळा. पुराबरोबर उन्मळलेली झाडे आणि जलपर्णीचे थर येऊन त्याला टेकतात, दोर आणि नांगर यांवरचा भार अनेक पटींनी वाढतो. शिवाय उन्हाळ्यात खाली गेलेले पाणी चढू लागले की दोराला तेवढी ढील ठेवावी लागते. म्हणून साखळ्यांची आणि नांगरांची तपासणी मे महिन्यातच, पाणी खाली असताना, उरकलेली बरी.