‘मिस केरळ’: तांबड्या रेघेच्या माशाची पार्श्वभूमी

चंदेरी अंग, तोंडापासून शेपटीपर्यंत काळा पट्टा आणि त्याच्या वर डोळ्यावरून निघून निम्म्या अंगावर विरणारी लालभडक रेघ. मल्याळीत ‘चोरा’ म्हणजे रक्त, ‘कण्ण’ म्हणजे डोळा. म्हणून ओढ्याकाठच्या लोकांनी याला ‘चोरक्कण्णी’ म्हटलं. बाजाराने ‘मिस केरळ’ म्हटलं. मला पहिलं नाव जास्त आवडतं, ते मासा पाण्यात पाहिलेल्यांचं आहे.

1865 मध्ये मद्रास लष्करातले डॉक्टर फ्रान्सिस डे यांनी त्रावणकोरच्या डोंगरातल्या मुंडकायमच्या नमुन्यांवरून त्याची शास्त्रीय नोंद केली आणि मद्रासचे गव्हर्नर विल्यम डेनिसन यांचं नाव त्याला दिलं. पुढची सव्वाशे-दीडशे वर्षं फारसं कुणी विचारलं नाही. मग 1997 मध्ये सिंगापूरच्या ‘अ‍ॅक्वारामा’ प्रदर्शनात त्याला नव्या माशांच्या गटात बक्षीस मिळालं आणि काचेच्या टाक्यांसाठी जगभरातून मागणी सुरू झाली.

घात झाला तो त्याच्या सवयीमुळे. खडकाळ, वाहत्या ओढ्यांच्या डोहांत हा मासा थव्याने राहतो. डोहाला जाळं लावलं की थवाच्या थवा हाती येतो. त्यातून त्याचं घर म्हणजे केरळातल्या मोजक्या नद्या, चालियार, वळपट्टणम, अच्चनकोविल अशा. 2005 ते 2012 या काळात भारतातून धोक्यातल्या किमान 30 जातींचे 15 लाखांहून जास्त गोड्या पाण्यातले मासे परदेशी गेले, आणि त्यात ‘मिस केरळ’ म्हणून विकल्या गेलेल्यांचा वाटा मोठा होता.

केरळ सरकारने 2008 मध्ये जून, जुलै आणि ऑक्टोबरात पकडण्यावर बंदी घातली. हेतू चांगला होता, पण महिने चुकले. नंतरच्या अभ्यासात दिसलं की मासा अंडी घालतो ऑक्टोबर ते मार्च. म्हणजे पोटात अंडी असलेल्या माद्या नोव्हेंबरपासून पुन्हा खुशाल जाळ्यात जात होत्या! विज्ञान बाजाराच्या मागून धावत होतं. आज आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या लाल यादीत तो संकटग्रस्त आहे.

2013 मध्ये संशोधक राजीव राघवन, नीलेश डहाणूकर आणि सहकाऱ्यांनी त्याला नवी प्रजाती (जवळच्या जातींचा गट, genus) दिली, ‘सह्याद्रिया’. आपल्या डोंगराचं हे नाव वाचून मला फार बरं वाटलं. त्या गटात दुसराही मासा आहे, चालक्कुडी नदीचा, 1999 मध्ये वेगळा ओळखला गेलेला. त्याच्या पाठीवरच्या पराला काळा डाग असतो. व्यापारात मात्र दोघे एकाच नावाने विकले गेले, त्यामुळे त्या लाखोंच्या आकड्यात कोणते किती, हे निर्यातीच्या नोंदींतून सांगता येत नाही.