कणकुंबीचं पाणी: म्हादईच्या वादामागं काय आहे

कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यात कणकुंबीला, माउलीच्या देवळाजवळ मलप्रभा उगम पावते आणि पूर्वेला कृष्णेकडं निघते. त्याच परिसरातला कळसा नाला मात्र पश्चिमेला वळून म्हादईला मिळतो. ही म्हादई गोव्यात मांडवी म्हणून ओळखली जाते. दोन्ही पाणलोट इतके शेजारी असल्यानं कळशाचं पाणी मलप्रभेत वळवण्याचा विचार पुढं आला.

त्यामागची गरज खरी होती. मलप्रभेवरचं, सौंदत्तीजवळचं नविलतीर्थ धरण 1970च्या दशकात झालं, पण ते वर्षानुवर्षं पुरतं भरलंच नाही. सिंचनाच्या नावानं लावलेल्या कराविरुद्ध 1980 मध्ये नरगुंद-नवलगुंदचे शेतकरी उठले, गोळीबार झाला. पुढं हुबळी-धारवाडचं पिण्याचं पाणीही याच धरणावर आलं. 2002 मध्ये केंद्रानं कळसा आणि भांडुरा या दोन नाल्यांचं पाणी मलप्रभेत वळवण्याच्या कळसा-भांडुरा योजनेला तत्त्वतः होकार दिला आणि गोव्याच्या हरकतीनंतर तो रोखला. 2006 मध्ये कणकुंबीत खोदाई सुरू झाली. 2010 मध्ये म्हादईच्या पाणीवाटपासाठी लवाद नेमला गेला. त्याच्या 2018च्या निवाड्यात कर्नाटकाला 13.42 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मिळालं, त्यातलं 3.9 मलप्रभेत वळवण्यासाठी. निवाडा कर्नाटक, गोवा आणि महाराष्ट्र या तिन्ही राज्यांना मान्य झाला नाही, ती सर्वोच्च न्यायालयात गेली.

या सगळ्या कागदांत कणकुंबीच्या आसपासची माणसं फारशी दिसत नाहीत, आणि मला सर्वात जास्त सलतं ते हेच. 2011 मध्ये भीमगड अभयारण्य झालं, साधारण 190 चौरस किलोमीटरचं. बारापेडे गुहेतलं दुर्मीळ वटवाघूळ तिथं आहे, ते जपायलाच हवं. पण गवाळी, पास्तोली, कोंगळा ही मराठी बोलणारी गावंही याच रानात आहेत. पावसाळ्यात ओढे भरले की त्यांची वाट तुटते, आणि पक्का रस्ता मागितला की वनकायदा आडवा येतो. 2025 मध्ये तळेवाडीच्या कुटुंबांनी भरपाई घेऊन गाव सोडलं. त्याच तालुक्यातली वनजमीन कळसा-भांडुऱ्याच्या जलवाहिनीसाठी मात्र सरकारच मागतं आहे.

सीमाभागातलं राजकारण या तालुक्याकडं भाषेच्या नकाशातून पाहत आलं. 1956 मध्ये तो म्हैसूर राज्यात गेला, 1967 मध्ये महाजन आयोगानं खानापूर महाराष्ट्राला द्यावं म्हटलं, 2004 पासून महाराष्ट्राचा सीमाप्रश्नाचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. मराठी शाळा आणि मराठी कागदपत्रं यांची लढाई मोलाचीच. पण नदी, जंगल आणि गावांचा वनहक्क तिच्यात क्वचितच आला. वनहक्क कायदा 2006चा आहे. ग्रामसभेला त्यानं दिलेला अधिकार इथल्या गावांनी पाण्याच्या प्रश्नातही मागायला हवा.

आणखी एक गोष्ट हिशेबात धरली पाहिजे. ऑगस्ट 2019 मध्ये हेच नविलतीर्थ धरण तुडुंब भरलं आणि सोडलेल्या पाण्यानं खालच्या गावांत पूर आला. पाऊस इतका लहरी झाला असताना केवळ टीएमसीच्या वाटपावर मलप्रभेचं भागणार नाही. लाभक्षेत्रात उसाला किती पाणी जातं आणि कालव्यांतून किती गळतं, हेही त्याच टेबलावर यायला हवं.