काकाजींची विपश्यना अन् माझं लेंटमधलं मौन

पहाटे आमच्याकडे दोन माणसं डोळे मिटून बसलेली दिसतात. अंगणं वेगळी आहेत, मधे तुराट्यांचं कुंपण, पण ते इतकं विरळ झालंय की इकडचं तिकडे सगळं दिसतं. पलीकडे काकाजी, एसटीतून रिटायर झालेले, नागपूरजवळ माहुरझरीला धम्म नाग या विपश्यना केंद्रात दहा दिवसांचा ध्यानाचा कोर्स करून आलेले. अलीकडे मी, आम्हा ख्रिस्ती लोकांचा लेंट नावाचा उपवासकाळ ज्या दिवशी सुरू होतो त्या राखेच्या बुधवारपासून रोज वीस मिनिटं. तो बुधवार यंदा, २०२६ ला, १८ फेब्रुवारीला आला, म्हणजे ऐन हरभरा सोंगायच्या दिवसांत, नवरा रात्रभर गव्हाच्या ओलितावर कारण वावरातली लाईन रात्रीच येते, अन् मी पहाटे उठून ओसरीत पोतं टाकून गप्प बसलेली.

चार-पाच दिवस गेले अन् काकाजींनी कुंपणावरून विचारलंच, "कावं पोरी, तूबी विपश्यना करून राहिली का?" म्हटलं नाही काकाजी, लेंटची प्रार्थना आहे. तर म्हणे, "प्रार्थना म्हणते, अन् तोंडातून तं एक शब्द नाही निघून राहिला." बरं, तेवढ्यावर भागलं नाही. त्याच रविवारी चर्चमधल्या एका मावशींनी मला बाजूला घेतलं, की तू म्हणे ते बौद्ध लोकांचं ध्यान सुरू केलं, पास्टरला विचारलं का. म्हणजे दोन्हीकडून गैरसमज एकच. म्हणून हे लिहून काढतेय, कारण बाहेरून पाहिलं तर खरंच काही फरक दिसत नाही, पाठ ताठ, डोळे बंद, फोन सायलेंट.

आधी लेंटचं थोडक्यात. इस्टरच्या आधीचा उपवासकाळ, कॅथलिक लोक प्रायश्चित्तकाळही म्हणतात. येशू रानात ४० दिवस उपाशी राहिला, त्याची आठवण. कॅलेंडरवर मोजाल तर राखेच्या बुधवारपासून इस्टरच्या आदल्या शनिवारपर्यंत ४६ दिवस भरतात, मधले ६ रविवार त्यात धरत नाहीत म्हणून ४०. लोक काहीतरी सोडतात, मटण सोडतात, चहा सोडतात, आताची पोट्टी रील्स सोडतात (दोन दिवस). मला सोडणं कधी जमलं नाही, म्हणून यंदा म्हटलं काहीतरी धरून पाहू.

आता विपश्यना. ही मी केलेली नाही, पण काकाजींनी इतक्यांदा सांगितलंय की अर्धा कोर्स माझाही झाल्यासारखाच आहे. आमच्या विदर्भात १९५६ च्या दीक्षेनंतर घरोघरी बुद्धवंदना आली, पण हे शिबिराचं प्रकरण नंतरचं. गोयंका गुरुजी मूळचे म्यानमारचे, तिथे सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे शिकले अन् १९६९ ला भारतात येऊन शिबिरं घ्यायला लागले. दहा दिवसांत पहाटे चारला घंटा, बोलणं पूर्ण बंद, त्याला आर्य मौन म्हणतात, ते दहाव्या दिवशी सकाळी सुटतं. पहिले तीन दिवस फक्त नाकपुडीपाशी श्वास येतो-जातो ते पाहायचं, त्याला आनापान म्हणतात. चौथ्या दिवसापासून डोक्यापासून पायापर्यंत अंगावरच्या संवेदना पाहत जायच्या. दुखलं तर दुखतंय, बरं वाटलं तर बरं वाटतंय, कशाच्याही मागे धावायचं नाही अन् कशापासून पळायचं नाही, कारण सगळं येतं अन् जातं. अनिच्च. हा शब्द काकाजी वीजबिलाबद्दलही वापरतात.

माझी पद्धत वेगळी. एक लहानसा शब्द निवडायचा, मी 'अब्बा' घेतला, म्हणजे बाप, येशूच्या तोंडचा अरामी शब्द आहे तो. डोळे मिटायचे, मनातल्या मनात तो शब्द एकदा ठेवायचा, अन् मग काही मागायचं नाही, काही सांगायचं नाही, नुसतं त्याच्यासमोर बसायचं. विचार येतात, येणारच, सोसायटीचं कर्ज, शेळीचं पिल्लू, पोरीची फी, अन् आपण त्यात वाहत चाललो हे लक्षात आलं की स्वतःवर न चिडता परत तो शब्द. वीस मिनिटांत हे कितीदा होतं ते मोजायचं सोडून दिलंय. डोकं रिकामं करायचं असं काही नसतं, ते रिकामं होतही नाही.

हे काही परवा निघालेलं खूळ नाही. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात जाऊन राहिलेले ख्रिस्ती तपस्वी एकच लहान प्रार्थना दिवसभर मनात घोळवायचे. मी करते तिला सेंटरिंग प्रेयर म्हणतात, ती १९७० च्या दशकात अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या स्पेन्सरच्या मठात थॉमस किटिंग, विल्यम मेनिंजर अन् बेसिल पेनिंग्टन या तिघांनी साध्या संसारी माणसासाठी बसवली. सांगतात दिवसातून दोनदा, मला एकदाच जमतं, संध्याकाळी बाईच्या घरात वीस मिनिटं शांतता कुठून येणार, ते मठात राहणाऱ्यांनी सांगणं सोपं आहे.

मावशींची भीती मात्र अगदीच हवेतली नाही. जॉन मेन नावाचे एक ख्रिस्ती साधू होते, बेनेडिक्टाइन संघातले, 'मारानाथा' म्हणजे 'ये प्रभू' हा शब्द सुरुवातीपासून शेवटपर्यंत मनात म्हणत राहायला ते शिकवायचे, अन् असं शब्द धरून बसणं ते तरुणपणी मलायात एका हिंदू स्वामींकडून शिकले होते. आता शब्द पाहिला तर करिंथकरांच्या पहिल्या पत्राच्या शेवटी आहे, आमच्याच बायबलात. मग हे कुणाचं म्हणायचं? मी मावशींना एवढंच म्हटलं की दार लावून गुपचूप प्रार्थना कर हे येशूनेच सांगितलंय, पद्धत कोणाकडून का येईना.

खरा फरक मला एका डासाने समजावला. दुसऱ्या आठवड्यात एक डास नाकाच्या शेंड्यावर बसला. मी हाणला, अन् परत 'अब्बा'वर आले. नंतर काकाजींना सांगितलं तर ते म्हणे, हाणला काहून? खाज येते, वाढते, जाते, तेच तं पाहायचं असते. त्यांच्याकडे एक तासाची बैठक असते, अधिष्ठान म्हणतात, त्यात हात-पाय हलवायचे नाहीत, डोळे उघडायचे नाहीत, तिथे तो डास म्हणजे अभ्यासाचाच भाग. माझ्याकडे डासाला काहीच किंमत नाही. मी अंगावर काय चाललंय ते पाहायला बसलेली नसते, मी कुणाजवळ तरी बसलेली असते. आजारी सासऱ्यांजवळ आपण बसतो ना, बोलायला काही नसतं, त्यांना बोलवत नाही, आपण फक्त खाटेशी बसून राहतो, अन् मधेच डास हाणला तर बसणं मोडत नाही. तसं. काकाजींच्या बसण्यात समोर कुणी नसतं, अन् असायला नको हेच तिथे शिकवतात.

अन् हे मी माझ्या मनाचं सांगत नाहीये, त्यांच्याच नियमात आहे की कोर्सच्या दिवसांत पूजा, जप, उपवास, प्रार्थना सगळं बाजूला ठेवायचं. निंदा म्हणून नाही, पद्धत निखळ राहावी म्हणून. मला हा नियम फार आवडला. म्हणजे 'दोन्ही एकच, शेवटी शांतीच ना' असं जे लोक सहज बोलून जातात त्यांना खुद्द विपश्यनावालेच नाही म्हणतात. मी 'अब्बा' धरून त्यांच्या हॉलमध्ये बसले तर मी चुकीचं करतेय, अन् श्वास पाहत ओसरीत बसले तर ती माझी प्रार्थना नाही. दोन्ही चांगलं असेल, पण एका ताटात नाही.

तशी आपल्याकडे गप्प बसायची कमी नाहीच म्हणा. तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीला मोझरीत ४ वाजून ५८ मिनिटांनी सगळा समुदाय जागच्या जागी थांबतो. सेवाग्रामला गांधीजींचं सोमवारचं मौन होतं. पण ते एका वेळेचं किंवा एका वाराचं, अन् गांधीजी त्या दिवशी चिठ्ठ्या लिहायचे. माझ्या वीस मिनिटांत चिठ्ठीलाही सुट्टी.

जमतं का, असं कोणी विचारेल तर अर्धवट. मोहफुलं पडायला लागली की पहाटेच टोपली घेऊन निघावं लागतं, त्या दिवशी बसणं दहा मिनिटांवर येतं. एकदा झोपले, नवऱ्याने वावरातून येऊन उठवलं. विपश्यनेत दहा दिवस तुम्हाला घरातून उचलून नेतात, जेवण तयार, घंटा वाजते, उठा अन् बसा. नंतर घरी सकाळ-संध्याकाळ एकेक तास बसायला सांगतात अन् तिथे भलेभले गळतात, हे काकाजीच सांगतात. लेंटमध्ये कोणी नेत नाही, पहिल्या दिवसापासून घरातच, शेळीसकट. पण त्याला शेवट आहे, यंदा ५ एप्रिलला इस्टर.

काकाजींना हे रविवार न धरायचं मात्र काही केल्या पटत नाही. "रविवारी तुह्या देवाले सुट्टी असते काय?" मी सांगितलं की प्रत्येक रविवार म्हणजे लहान इस्टर, पुनरुत्थानाचा दिवस, त्या दिवशी उपवास नसतो. त्यांनी ऐकून घेतलं. मागच्या रविवारी मी मुद्दाम उशिरा उठले, चहा घेऊन ओसरीत आले, तर पलीकडे ते बसलेले होते, अन् त्यांच्या कानावर डास.