ओकलँडचा ठराव: पार्श्वभूमी

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या इंग्रजीचा विषय निघाला की गाडी आजही ओकलँडवर येते. कॅलिफोर्नियातील या शहराच्या शाळा मंडळाने १८ डिसेंबर १९९६ रोजी ठराव केला: कृष्णवर्णीय मुलांची घरची बोली ‘एबॉनिक्स’ ही त्यांची पहिली भाषा मानावी आणि तिच्या आधाराने त्यांना प्रमाण इंग्रजी शिकवावी. मंडळासमोरचे आकडे गंभीर होते. एकूण विद्यार्थ्यांत कृष्णवर्णीय मुले ५३ टक्के, पण विशेष शिक्षणाच्या, म्हणजे शिकण्यात अडचणी असलेल्या मुलांच्या, वर्गांत त्यांचे प्रमाण ७१ टक्के.

देशभर गदारोळ उठला तो मात्र ‘शाळेत आता अशुद्ध इंग्रजी शिकवणार’ या समजुतीवर. हेतू नेमका उलटा, प्रमाण इंग्रजी पक्की करण्याचा होता. मसुद्यानेही घात केला. त्यात या बोलीचा पाया ‘जेनेटिक’ असल्याचे म्हटले होते. भाषेचा उगम आफ्रिकी आहे एवढेच सांगायचे होते, असा खुलासा झाला. पण लोकांनी त्याचा अर्थ वंशाशी आणि रक्ताशी जोडला. जानेवारी १९९७ मध्ये तो शब्द काढला गेला, तोवर उशीर झाला होता. त्याच महिन्यात अमेरिकी भाषाशास्त्रज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेने ठरावामागची भूमिका शास्त्रीयदृष्ट्या योग्य ठरवली आणि या बोलीला ‘आळशी’, ‘सदोष’ म्हणणे चूक व अपमानकारक असल्याचे नमूद केले. टिंगल थांबली नाही.

‘सदोष’ हा शिक्का किती फोल आहे, हे मराठी माणसाला पटकन कळावे. या बोलीत ‘ही वर्किंग’ म्हणजे तो आत्ता कामावर आहे. ‘ही बी वर्किंग’ म्हणजे तो एरवी कामावर असतो. आपल्या ‘आहे’ आणि ‘असतो’मधला हा फरक प्रमाण इंग्रजीत क्रियापदाच्या रूपातून इतका थेट दाखवता येत नाही. ज्या ‘अ‍ॅक्स’ (‘आस्क’ऐवजी) उच्चाराला हसतात, तो तर १५३५ च्या छापील इंग्रजी बायबलात आहे. शुद्धतेचे नियम पुढे अठराव्या शतकातल्या व्याकरणकारांनी घट्ट केले.

‘एबॉनिक्स’ हे नाव १९७३ मध्ये सेंट लुइसच्या एका परिषदेत एका कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञाने सुचवले. ही इंग्रजीची बोली की आफ्रिकी वळणाची वेगळी भाषा, हा वाद तेव्हापासूनचा. बहुतेक भाषाशास्त्रज्ञ बोली मानतात. ओकलँडआधी, १९७९ मध्ये, मिशिगनमधील अ‍ॅन आर्बरच्या खटल्यात न्यायालयाने शाळांना बजावले होते की वाचन शिकवताना मुलांच्या घरच्या बोलीचा विचार करा. तो निकाल १९९६ च्या गदारोळात फारसा कोणाला आठवला नाही, हे दुर्दैव.

अलीकडे प्रश्न वर्गातून कोर्टात पोहोचला आहे. फिलाडेल्फियातील न्यायालयीन लघुलेखकांचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांना प्रमाणपत्रासाठी ९५ टक्के अचूकता लागते. या बोलीतील वाक्ये ऐकून त्यांनी पूर्णपणे बरोबर उतरवली ती सुमारे ६० टक्केच. ‘तो त्या वस्तीत नसतो’ अशा अर्थाचे वाक्य एकाने ‘आम्ही या वस्तीत असणार’ असे उतरवले. वरच्या न्यायालयात अपील गेले की साक्षीदार पुन्हा बोलत नाही, तिथे वाचली जाते ती हीच नोंद.