राक्षसचित्रांचा ऑक्टोबर

ऑक्टोबरचे ३१ दिवस रोज एक याप्रमाणे स्केचबुकात गमतीदार राक्षस, भूत किंवा कसलातरी विचित्र प्राणी काढायचा आणि जमलं तर त्याच दिवशी त्याचा फोटो टाकायचा, असा हा हौशी चित्रकारांचा उपक्रम. पुण्यात आर्टवाल्यांच्या बोलण्यात याला नुसतं 'चॅलेंज' म्हणतात. माध्यम मुख्यतः शाई, खाली पेन्सिलचा कच्चा आराखडा चालतो, रंग लावायलाही कुणाची ना नाही. यातला राक्षस भीती घालणारा नसतो, बघितल्यावर हसू यावं आणि थोडी मायाही वाटावी असा असतो, आणि हा फरक पहिल्यांदाच सांगायला हवा कारण नुसती भयचित्रं हा वेगळा प्रकार आहे.

उगमाबद्दल दोन मतं आहेत. पहिलं असं की हे सगळं 'इंकटोबर'मधून आलं. जेक पार्कर या अमेरिकन चित्रकारानं २००९ मध्ये स्वतःचं शाईकाम सुधारावं म्हणून ऑक्टोबरभर रोज एक शाईचित्र काढायचं ठरवलं, ते पसरलं, आणि २०१६ पासून त्या दिवशी कशावर चित्र काढायचं यासाठी दर दिवसाला एक शब्द अशी अधिकृत यादीही यायला लागली. पण त्या यादीतले शब्द साधे असतात, त्यात राक्षसच काढा असं काही नसतं. राक्षस आले ते ३१ ऑक्टोबरच्या हॅलोविनमुळं, म्हणजे महिन्याचा शेवटच भुतांचा म्हटल्यावर बऱ्याच जणांनी पूर्ण महिनाच भुतांना देऊन टाकला. डिसेंबर २०१९ मध्ये इंकटोबर या नावाच्या ट्रेडमार्कवरून बराच वाद झाला आणि त्यानंतर अनेकांनी ते नाव टाळून आपापल्या शब्दयाद्या केल्या. रोज थोडं करून महिनाभरात काहीतरी पुरं करायचं ही कल्पना मात्र त्याच्याही आधीची, कारण महिन्याभरात कादंबरी लिहायचा उपक्रम अमेरिकेत १९९९ मध्येच सुरू झाला होता. इन्स्टाग्राम ऑक्टोबर २०१० मध्ये आलं, त्यामुळं रोज फोटो टाकायची आजची पद्धत त्याच्या फार आधीची मानता येत नाही.

दुसरं मत असं की हसरे राक्षस आपल्याकडं आधीपासूनच आहेत, चॅलेंजनं फक्त त्यांना तारीख लावून दिली. अजिंठा-वेरूळला खांबांवर नि तुळयांखाली ढेरपोटे गण कोरलेत, सगळं छत डोक्यावर घेतल्यासारखे, आणि तरी तोंडावर हसू. देवळाच्या कमानीवरचं कीर्तिमुख तर गोष्टीसकट गमतीचं आहे. जालंधर या असुरानं राहूला निरोप घेऊन शंकराकडं पाठवलं, शंकराच्या कोपातून एक भुकेलं भूत निघालं, राहू शरण आला म्हणून भुताला त्याला खायला मनाई झाली, मग मी खाऊ काय तर स्वतःलाच खा, आणि ते खात खात फक्त तोंड उरलं, तेच हे कीर्तिमुख. कोकणातल्या दशावतारातला संकासुर वेद पळवणारा असुर खरा, पण रंगमंचावर तो काळ्या कपड्यात, उंच टोपी घालून लोकांना हसवत सुटतो. बाहेरचं बघायचं तर जपानमध्ये तोरियामा सेकिएननं १७७६ मध्ये भुतांचा सचित्र संग्रह छापला होता, आणि एक डोळा नि एक पाय असलेली जुनी छत्री हे भूत तिकडं लहान पोरांनाही माहीत असतं. म्हणजे हसरं भूत ही कुणा एकाची मालकी नाही.

दोन्ही मतं ताडून बघितली तर चौकट, म्हणजे ३१ दिवस, रोजचा शब्द, फोटो, ही बाहेरूनच आली हे मान्य करायला लागतं. पण पुण्यातल्या वह्यांत जे उतरतं त्याचं मूळ दुसऱ्या मतात जास्त सापडतं, आणि तेच जास्त पटण्यासारखं आहे, कारण हॅलोविनचे भोपळा आणि वटवाघूळ दोन-तीन दिवसांत संपतात. मग हात आपोआप मुंजा, हडळ, समंध, झोटिंग, गिऱ्हा, खवीस, जखीण यांच्याकडं जातो. ही यादी नीट हवी असेल तर ब्रिटिश अधिकारी आर. ई. एन्थोवेन यांनी १९१५ मध्ये संकलित केलेल्या कोकणच्या लोकसमजुतींच्या टिपणांत बघावी. ती माहिती मूळ ए. एम. टी. जॅक्सन यांनी शाळामास्तरांकडून गोळा केलेली, हे जॅक्सन म्हणजे १९०९ मध्ये नाशिकला अनंत कान्हेरेंनी ज्यांना गोळी घातली ते कलेक्टर. त्यात प्रत्येक भुताचं राहायचं ठिकाण आणि सवयी आल्यात, आणि चित्रकाराला सवयीच लागतात. मुंजा पिंपळावर, गिऱ्हा पाण्यात, हडळीची पावलं उलटी. माझ्या वहीतलं एक पान सांगतो. हडळ लक्ष्मी रोडवर चपला घ्यायला आलीय, दुकानदार खाली बसून माप घेतोय, आणि टाच कुठली नि चवडा कुठला हे कळेना म्हणून त्यानं पट्टी दोन्हीकडून लावून बघितलीय. बाकी काहीच नाही चित्रात. उलटी पावलं ही एकच गोष्ट खरी धरली की पुढचा विनोद आपोआप येतो.

चेहऱ्याचं थोडं शास्त्र आहे. प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक कॉनराड लोरेन्झ यांनी १९४३ मध्ये मांडलं होतं की मोठं डोकं, मोठे डोळे, गुबगुबीत गाल अशी बाळासारखी ठेवण दिसली की माणसाला माया वाटते. राक्षसाचे डोळे चेहऱ्याच्या मध्याखाली आणि एकमेकांपासून लांब ठेवले तर तो गोंडस दिसतो, तेच डोळे बारीक करून वर जवळजवळ आणले की अंगावर येतो. सुळे वरून खाली आले तर हिंस्र, खालून वर आले तर बावळट. हे नियम नाहीत, पण वहीत शेजारी शेजारी काढून बघितलं तर लगेच कळतं.

शाईवर जास्त बोलायला हवं कारण वह्या इथंच खराब होतात. फाउंटन पेनची नेहमीची शाई म्हणजे पाण्यात विरघळणारा रंग, वरून वॉटरकलर फिरवला की रेघा वाहतात. वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंकमध्ये काजळी आणि बहुधा लाख असते, ती वाळली की पक्की, पण फाउंटन पेनात भरली तर पेन कायमचा चोंदतो, त्यामुळं ती ब्रशनं किंवा बुडवायच्या निबनंच वापरावी. फाइनलायनर म्हणजे बारीक टोकाच्या पेनवर ००५ लिहिलेलं असतं म्हणून लोक त्याला ०.०५ मिलिमीटर समजतात, सकुरा कंपनीच्या 'मायक्रॉन'सारख्या पेनात ती रेघ खरं तर ०.२० मिलिमीटरची असते, ०१ ची ०.२५ आणि ०५ ची ०.४५. कागद साध्या वहीचा ७०-८० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला तितक्या ग्रॅम वजनाचा) असेल तर शाई मागं उतरते आणि कालच्या राक्षसाच्या पोटात आजचा दिसतो, म्हणून दीडशेच्या पुढचा घ्यावा. अप्पा बळवंत चौकात स्केचबुक घेताना कोपऱ्यात पेन टेकवून पाच सेकंद थांबू देतात का विचारावं, ठिपका पसरला तर ते पान शाईचं नाही. ऑक्टोबरच्या सुरुवातीला पाऊस पुरता गेलेला नसतो, हवेत दमटपणा असतो, शाई वाळायला वेळ लागतो, पुढं ऑक्टोबर हीट सुरू झाली की पटकन वाळते.

पुण्यात मॉडेलसाठी सोमवार पेठेतलं त्रिशुंड गणपतीचं देऊळ फार चांगलं. १७५४ ला काम सुरू होऊन १७७० मध्ये पुरं झालं असं साधारण धरतात. दर्शनी भिंतीवर साखळदंडानं बांधलेला गेंडा आणि इंग्रज शिपाई कोरलेत, त्याचा अर्थ प्लासीच्या लढाईनंतर इंग्रजांच्या ताब्यात गेलेल्या बंगालशी लावतात, जो पटतो पण शिल्पातच तसं लिहिलेलं नाही. गेंड्याच्या अंगावरच्या चिलखतासारख्या घड्या कागदावर उतरवल्या की निम्मा राक्षस तयार. शनिवारवाड्याचं भूत मात्र या वहीत घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. नारायणराव ३० ऑगस्ट १७७३ ला मारले गेले तेव्हा अठरा वर्षांचे होते, त्यांच्या हाकेवर विनोद करणं बरं नाही.

दिवाळीशी याची गाठ तिथीप्रमाणं कधी पडते कधी नाही. २०२४ मध्ये नरक चतुर्दशी नेमकी ३१ ऑक्टोबरला आली, २०२५ मध्ये २० ला. त्या दिवशी पहाटे अंगणात डाव्या पायाच्या अंगठ्यानं कारीट फोडतात, ते कारीट म्हणजे नरकासुर, आणि त्या छोट्या हिरव्या फळाला डोळे काढले की दिवसाचं चित्र झालंच. किल्ल्याच्या मातीनं हात भरलेले असतील तर मातीचा ठसा उमटवून त्यालाच पाय काढतात मुलं. चुकलेले दिवस नोव्हेंबरात भरून काढायला कुणाची हरकत नसते, फक्त पानावर मूळ तारीख आणि काढल्याची तारीख दोन्ही लिहितात.