ओरांगउटान 'मुच्च' करतो तेव्हा

मोहफुलं वेचायला पहाटेच जंगलात जाणाऱ्या चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या बाया एक कान कायम वानरांकडे ठेवून असतात. चितळाचं फारसं मनावर घेत नाहीत, ते पाचोळा वाजला तरी ओरडतं. पण झाडाच्या शेंड्यावरून वानर 'खक्क, खक्क' करायला लागलं की टोपली उचलून माघारी फिरायचं. त्यानं वाघ नाहीतर बिबट डोळ्यांनी पाहिलेला असतो.

इंडोनेशियातल्या सुमात्रा बेटावरही वाघ आहे, आणि तिथं झाडावरून त्याच्यावर नजर ठेवणारा ओरांगउटान हा लाल केसांचा मोठा कपी, म्हणजे बिनशेपटीचं मोठं माकडही. धोका दिसला की तो ओठांचा चंबू करतो आणि हवा जोरात आत ओढतो. लेकराचा पापा घेताना होतो तसा 'मुच्च' आवाज निघतो. शास्त्रज्ञांनी त्याला 'किस-स्क्वीक' असं नाव दिलं आहे, पण त्यात लाड नसतो. असते ती भीती आणि धमकी. शेजारच्या बोर्निओ बेटावरचे काही ओरांगउटान तर हा आवाज काढताना ओठांपुढे पानं धरतात. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं, की पानांमुळे आवाज खर्जात जातो. आवाज जाड, म्हणजे जनावर दांडगं, असा खालच्या शत्रूचा समज व्हावा, हा त्यामागचा डाव असावा.

याहून भारी प्रयोग सुमात्रातल्या केतांबेच्या जंगलात झाला. एका संशोधकानं वाघाच्या पट्ट्यांची चादर पांघरली आणि तो रांगत रांगत ओरांगउटान माद्यांच्या झाडाखालून गेला. (विज्ञानासाठी माणूस काय काय करतो!) वर माद्या गप्प. पिल्लाला जवळ ओढलं, वर सरकल्या, पण तोंडातून आवाज नाही. 'वाघ' दिसेनासा झाल्यावर सरासरी सात मिनिटांनी, कधी तर वीस मिनिटांनी, त्यांनी 'मुच्च' करायला सुरुवात केली. संशोधकांचा अंदाज असा, की शत्रू खाली असताना ओरडून स्वतःचा आणि पिल्लाचा ठावठिकाणा सांगायचा नाही, तो गेल्यावर मात्र पिल्लाला कळलं पाहिजे की आत्ता जे गेलं ते वाईट होतं. होऊन गेलेल्या गोष्टीबद्दल नंतर 'बोलणं' माणसाखेरीज इतर प्राण्यांत फार क्वचित सापडतं. आपलं वानर या बाबतीत अगदी रोखठोक: वाघ दिसला की ओरडलंच.

मग खरं चुंबन? तेही आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये ऑक्सफर्डच्या माटिल्डा ब्रिंडल आणि सहकाऱ्यांनी माकडा-वानरांच्या वंशवृक्षावर चुंबनाचा माग काढला. त्यांनी आधी व्याख्या कोरडी करून घेतली: भांडण नसताना, घास न भरवता, तोंडाला तोंड लावणं. ती गरजेचीच होती. मत्स्यालयातले किसिंग गुरामी मासे ओठ भिडवतात ते एकमेकांना ढकलायला, आणि पक्षीण चोचीत चोच घालते ती चारा भरवायला. या चाळणीतून चिंपांझी, बोनोबो आणि ओरांगउटान पार झाले. यावरून हिशेब निघाला, की मोठ्या कपींच्या पूर्वजात ही सवय सुमारे २ कोटी १५ लाख ते १ कोटी ६९ लाख वर्षांपूर्वी आली आणि निअँडरथल माणूसही (आपला नामशेष झालेला भाऊबंद) बहुधा चुंबन घेत असावा. हे सांख्यिकी अनुमान आहे, चुंबनाचं जीवाश्म कुणाला सापडत नाही. तेवढं लक्षात ठेवून वाचावं.

ते सुरू का झालं, यावर कपींचे अभ्यासक एड्रियानो लामेइरा यांचं एक मत मला पटण्यासारखं वाटतं. कपी एकमेकांच्या अंगावरच्या उवा-गोचिड्या निवडतात, आणि शेवटी ओठ पुढे काढून सापडलेला किडा चोखून घेतात. माणसाच्या अंगावरचे केस कमी झाले, निवडायचं काम संपलं, शेवटची क्रिया तेवढी राहिली. चिंपांझी मारामारीनंतर समेट करतानाही तोंडाला तोंड लावतात, हे प्राणिवर्तनाचे अभ्यासक फ्रान्स डी वाल यांनी १९७० च्या दशकातच नोंदवलं होतं.

ओरांगउटानची पिल्लं मात्र आईच्या तोंडाकडे वेगळ्याच कारणासाठी डोळे लावून बसतात. अगदी वीतभर अंतरावरून ती आई काय खाते ते टक लावून पाहतात. दोन-अडीचशे प्रकारचं खाणं, कुठलं फळ कधी पिकतं, कुठली साल सोलायची, सगळं असं शिकायचं. त्याला सात-आठ वर्षं जातात, आणि तोवर आई दुसरं पिल्लू होऊ देत नाही. या शाळेत औषधंही असावीत. २०२२ मध्ये सुमात्रातल्या सुआक इथल्या राकुस नावाच्या नराने गालावरच्या जखमेवर एका वेलीची पानं चावून त्यांचा रस लावला, मग चोथा थापला. पाच दिवसांत जखम भरली. ती वेल आपल्या गुळवेलीच्याच कुळातली.

पण या सावकाशीनंच घात केला आहे. मादीला पहिलं पिल्लू साधारण पंधराव्या वर्षी, पुढचं सात-आठ वर्षांनी. अशा हिशेबात वर्षाला शंभरात एक मादी जादा मेली तरी संख्या घसरत जाते. बोर्निओत १९९९ ते २०१५ या काळात एक लाखाहून जास्त ओरांगउटान गेले.

तेलताडाच्या बागांसाठी जंगल तुटतं, म्हणून दोष पामतेलाचा, असं म्हणतात. हे अर्धं खरं. जगात सर्वात जास्त पामतेल आयात करतो आपला देश. फरसाणात, बिस्किटात, आलूबोंड्याच्या कढईत ते असतंच. मे २०२५ मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ आयात शुल्क २० वरून १० टक्क्यांवर आलं, तेव्हा विदर्भातला सोयाबीनवाला चिडला. २०२५-२६ च्या हंगामाचा सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५३२८ रुपये आणि बाजार त्याच्या खाली, तर चिडणारच. म्हणून पामतेल बंद करा म्हणणं सोपं, पण एकरी पाच-सहा क्विंटल सोयाबीनमधून तेल निघतं जेमतेम क्विंटलभर, आणि तेलताडाच्या बागेतून बारा-पंधरा क्विंटल. तेवढ्या तेलाला सोयाबीन पेरायचं तर आणखी किती जंगल लागेल?

उरलेलं अर्धं सत्य आपल्याकडे लवकर समजेल. बोर्निओतले सर्वात जास्त ओरांगउटान उभ्या जंगलांतूनच नाहीसे झाले, म्हणजे ते बहुधा मारले गेले: मांसासाठी, पिलू विकण्यासाठी, पिकात शिरले म्हणून. रानडुकरासाठी कुंपणात सोडलेल्या करंटवर वाघ चिकटल्याची बातमी आपण वाचतोच. तिथं बंदूक असते. आणि पिलू हवं तर आधी आईला मारावं लागतं, ती जिवंतपणी सोडत नाही.

२०१७ मध्ये वेगळी जात म्हणून ओळखला गेलेला तापानुली ओरांगउटान सुमात्रातल्या बातांग तोरूच्या डोंगरांत आहे, आठशेहून कमी. त्यातल्या निम्म्या माद्या धरल्या तर शंभरात एक जादा मरण म्हणजे वर्षाला चार.