मायक्रोअग्रेशन प्रतिसाद प्रशिक्षण (वैद्यकीय शिक्षण)

वंश, जात, धर्म, लिंग, अपंगत्व, बोली किंवा आडनाव यांवरून बोलता-बोलता केलेला लहानसा अपमान म्हणजे मायक्रोअग्रेशन. बोलणाऱ्याच्या ते पुष्कळदा ध्यानातही येत नाही. ऐकणाऱ्याच्या मात्र दिवसभर डोक्यात राहते. रुग्णालयात असा प्रसंग आला तर वैद्यकीय, दंतवैद्यक आणि परिचर्या शाखांच्या विद्यार्थ्यांनी काय बोलावे, केव्हा गप्प राहावे आणि कोणाच्या कानावर घालावे, याचा सराव करून घेणारे हे प्रशिक्षण आहे. ते मुख्यतः अमेरिकेतील वैद्यकीय महाविद्यालयांत वाढले.

ही संकल्पना एका डॉक्टरनेच मांडली. हार्वर्ड विद्यापीठातील मानसोपचारतज्ज्ञ चेस्टर पियर्स यांनी कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या वाट्याला रोज येणाऱ्या उपेक्षेविषयी लिहिताना १९७० मध्ये हा शब्द वापरला. पुढे कोलंबिया विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ डेराल्ड विंग सू व सहकाऱ्यांनी २००७ मध्ये त्याचे तीन प्रकार पाडले : जाणूनबुजून केलेला हल्ला, नकळत केलेला अवमान आणि समोरच्याचा अनुभवच खोटा ठरवणे. वॉर्डात तिसरा प्रकार सर्वांत जास्त छळतो, कारण तो बहुधा सहकाऱ्यांकडून येतो : ‘अगं, त्यांना तसं म्हणायचं नव्हतं.’

अमेरिकन रुग्णालयांतले प्रसंग ठरावीक आहेत. कृष्णवर्णीय विद्यार्थिनी पांढरा कोट घालून, गळ्यात स्टेथोस्कोप अडकवून खोलीत येते, तरी रुग्ण तिला जेवणाचे ताट उचलायला सांगतो. भारतीय वंशाच्या मुलाला ‘तू मूळचा कुठला?’ असे विचारतात. त्याने ओहायो सांगितले की ‘तसं नव्हे, खरा कुठला?’ अमेरिकेत वाढलेल्या मराठी घरांतल्या मुलांनाही हा प्रश्न नवा नाही. आणि हे सगळे रुग्णच करतात असे नाही. राउंडवर मुलांना शस्त्रक्रियेच्या पायऱ्या आणि मुलींना लग्नाचा बेत विचारणारे सर्जनही त्यात असतात.

उत्तर देणे अवघड असते ते वॉर्डाच्या रचनेमुळे. समोरचा माणूस आजारी आहे, घाबरलेला आहे, कदाचित तापात बरळतो आहे. त्याच्याशी हुज्जत घालता येत नाही. शेजारी उभे असलेले सर महिनाअखेरीस गुण देणार आहेत. विद्यार्थी या उतरंडीच्या तळाशी, त्यामुळे बहुतेक जण गिळून टाकतात. कायद्याची चौकटही आहे. अमेरिकेत आपत्कालीन विभागात आलेल्या प्रत्येकाची तपासणी करून त्याला स्थिर करणे १९८६ च्या संघीय कायद्याने बंधनकारक आहे. रुग्ण वंशद्वेष्टा असला तरी त्याला बाहेर काढता येत नाही. कायद्याच्या अभ्यासक किमानी पॉल-एमील व सहलेखकांनी २०१६ मध्ये, वंशावरून डॉक्टर नाकारणाऱ्या रुग्णाबाबत कसा विचार करावा याची दिशा आखून दिली. त्याची प्रकृती किती गंभीर आहे, तो शुद्धीवर व विचारक्षम आहे का, मागणीमागचे कारण काय, दुसरा डॉक्टर देणे शक्य आहे का आणि नाकारल्या गेलेल्या डॉक्टरवर काय परिणाम होतो, हे त्यात आधी पाहायचे. अत्याचार सोसलेल्या बाईने स्त्री-डॉक्टर मागणे आणि ‘मला काळा डॉक्टर नको’ असे म्हणणे या दोन गोष्टी एका मापाने मोजता येत नाहीत.

शिकवताना छोटी, लक्षात राहणारी सूत्रे वापरतात. मेयो क्लिनिक या अमेरिकन रुग्णालयाचे ‘सेफर’ सूत्र (पाच पायऱ्यांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून SAFER) असे : मध्ये पडा, वागण्यावर बोट ठेवा, संस्थेची मूल्ये सांगा, काय चालेल आणि काय चालणार नाही ते स्पष्ट करा, मग नोंद करा. अ‍ॅकरमन-बार्जर आणि जेकब्स या अभ्यासकांनी २०२० मध्ये मांडलेल्या त्रिकोणात अपमान झालेला, करणारा आणि पाहणारा अशा तिघांनाही वेगवेगळे काम दिले आहे. आपल्या तोंडून चुकीचे गेले तर सारवासारव न करता माफी कशी मागावी हेही त्यात येते, आणि शिकवायला हाच भाग सर्वांत कठीण असावा.

सूत्रे पाठ करून भागत नाही, म्हणून सत्राचा बराच वेळ अभिनयात जातो. तिघांच्या गटात एक जण रुग्ण होतो, एक विद्यार्थी, एक पाहणारा. रुग्ण म्हणतो, ‘मला खरा डॉक्टर पाठवा.’ पहिल्या फेरीत विद्यार्थी बहुधा कसनुसा हसतो किंवा विषय बदलतो. दुसऱ्या फेरीत तो म्हणून पाहतो : ‘मी तुमच्या उपचारांच्या टीममध्येच आहे. तुम्हाला कसली काळजी वाटते ते सांगा.’ वाक्य साधे असते, पण ऐन वेळी सुचत नाही. आधी दोन-चारदा उच्चारलेले असले तरच तोंडात येते. ब्राझीलचे नाट्यकर्मी ऑगुस्तो बोआल यांच्या फोरम थिएटरचाही उपयोग होतो. प्रसंग आधी वाईट शेवटापर्यंत दाखवतात, मग पुन्हा सुरू करतात. प्रेक्षकांतला कोणीही ‘थांबा’ म्हणून दबलेल्या पात्राची जागा घेतो आणि वेगळे वागून पाहतो. दिल्लीच्या युनिव्हर्सिटी कॉलेज ऑफ मेडिकल सायन्सेसमध्ये हे तंत्र वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी वापरले गेले आहे.

परिणामांबद्दलचा पुरावा तोकडा आहे. बहुतेक अभ्यास सत्र संपल्यावर विद्यार्थ्यांनाच ‘आता आत्मविश्वास वाटतो का?’ असे विचारतात. सहा महिन्यांनी वॉर्डात ते बोलले का, हे क्वचितच तपासले जाते. मूळ संकल्पनेवरही टीका झाली. मानसशास्त्रज्ञ स्कॉट लिलियनफेल्ड यांनी २०१७ मध्ये, तिची व्याख्या सैल असून तिच्या आधाराने केलेले दावे पुराव्याच्या पुढे धावतात, असा आक्षेप घेतला. त्याहून जिव्हारी लागणारा आक्षेप खुद्द विद्यार्थ्यांचा आहे : अपमान आमचा, आणि तो हाताळायचा गृहपाठही आम्हालाच? तो रास्त आहे. वरिष्ठाने तिथल्या तिथे ‘या आमच्या डॉक्टर आहेत, तपासणी याच करतील’ एवढे म्हटले तर विद्यार्थ्याला कोणतेही सूत्र आठवावे लागत नाही. म्हणून काही ठिकाणी प्राध्यापकांनाही हेच प्रशिक्षण देतात.

भारतीय वॉर्डात वंशाची जागा जात, धर्म आणि लिंग घेतात. महाराष्ट्रातल्या सरकारी रुग्णालयात एप्रन घातलेल्या लेडी डॉक्टरला ‘सिस्टर, डॉक्टर कधी येणार?’ असे विचारतात आणि सोबतच्या वॉर्डबॉयला ‘साहेब’ म्हणतात. महाविद्यालयात ‘रँक किती होती?’ या प्रश्नाआड प्रवर्ग विचारला जातो. सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखालील समितीने दिल्लीच्या ‘एम्स’मधील अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या वागणुकीची चौकशी करून २००७ मध्ये अहवाल दिला. वर्ग, वसतिगृह आणि तोंडी परीक्षा, तिन्ही ठिकाणच्या भेदभावाच्या तक्रारी त्यात आल्या. मुंबईच्या नायर रुग्णालयातील निवासी डॉक्टर पायल तडवी यांच्या मे २०१९ मधील आत्महत्येनंतर वरिष्ठ सहकाऱ्यांवर जातीवरून छळ केल्याचा आरोप झाला. तो उघड छळाचा होता. त्याला मायक्रोअग्रेशन म्हणणे म्हणजे तो लहान करणे होय.

एमबीबीएसच्या २०१९ पासूनच्या अभ्यासक्रमात वृत्ती, नीतिमूल्ये आणि संवाद यांवरचा ‘एटकॉम’ हा घटक सक्तीचा झाला. रुग्णाशी कसे बोलावे हे त्यात भूमिका-अभिनयातून शिकवता येते. रुग्ण, नातेवाईक किंवा वरिष्ठ विद्यार्थ्याशी वाईट बोलले तर काय करावे, यासाठी मात्र त्यात या नावाचा स्वतंत्र पाठ नाही. इंटर्नला प्रत्येक पोस्टिंगच्या शेवटी त्याच युनिटच्या वरिष्ठांची सही घ्यावी लागते, त्यामुळे असा पाठ आला तरी तो कोणी आणि कोणासमोर घ्यायचा, हे आधी ठरवावे लागेल.